दलदलीतला पुरावा : एमा टर्नर

एखाद्या प्रदेशातून एखादा पक्षी नाहीसा झाला, हे लोकांच्या उशिरा लक्षात येते. तो परत आला हे सिद्ध करायचे तर कोणाला तरी चिखलात उतरावे लागते. १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात दोन माणसे अशीच चिखलात उतरली होती. एक होते तिथल्या मोठ्या जमीनदारीवरचे मुख्य रखवालदार जिम व्हिन्सेंट. दलदलीचा सगळा परिसर त्यांच्या पायाखालचा होता. दुसऱ्या होत्या एमा लुईझा टर्नर, वय वर्षे ४४, व्यवसाय पक्ष्यांची छायाचित्रे काढणे आणि त्यांवर व्याख्याने देणे.

पुरुषभर उंचीच्या बोरूच्या रानात त्यांना एक पिल्लू सापडले. उडता न येणारे, तपकिरी पिसांचे आणि माणूस जवळ येताच मान ताठ करून चोच आकाशाकडे रोखणारे. ते पिल्लू बिटर्नचे होते. बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला दलदलीतला पक्षी. ब्रिटनमध्ये त्याची वीण १९ व्या शतकाच्या अखेरीस थांबली होती, आणि पक्षीतज्ज्ञांनी त्याचे नाव जवळजवळ पुसून टाकले होते. टर्नर यांनी त्या पिल्लाचे छायाचित्र घेतले. बिटर्न ब्रिटनमध्ये पुन्हा वीण करू लागला आहे, याचा तो पहिला पुरावा ठरला.

तो पुरावा मिळवण्यासाठी कोणाचा जीव घ्यावा लागला नाही, हे त्या काळी नवे होते. पक्ष्याची दुर्मीळ नोंद खरी मानायची तर तो पक्षी मारून, पेंढा भरून, संग्रहालयाच्या टेबलावर ठेवावा लागे. नुसते पाहिले म्हणून कोणी विश्वास ठेवत नसे. ही रीत बदलण्यात ज्या मोजक्या लोकांचा हात होता, त्यांत एमा टर्नर यांचे नाव येते. छायाचित्रणाचे शिक्षण त्यांनी कुठल्या संस्थेत घेतले नव्हते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती.

टर्नर यांचा जन्म ९ जून १८६७ रोजी केंट परगण्यात टनब्रिज वेल्सजवळच्या लँग्टन ग्रीन या गावी झाला. वडील किराणा आणि कापडाचे दुकान चालवत. चार भावंडांचे घर होते. एमा १३ वर्षांच्या असताना आई वारली. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीसाठी पुढची वाट ठरलेली असे : थोडे शिक्षण, मग घरच्यांची देखभाल. वयाच्या तिशीपर्यंत टर्नर यांच्या नावावर जगाने नोंद घ्यावी असे काही नव्हते.

१९०० साली त्यांची भेट रिचर्ड कीअर्टन यांच्याशी झाली. कीअर्टन बंधू, म्हणजे रिचर्ड आणि चेरी, हे ब्रिटनमधील वन्यजीव छायाचित्रणाचे आद्य पुरुष. दोघेही लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेत नोकरी करत आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन रानात, किनाऱ्यावर, बेटांवर भटकत. रिचर्ड लहानपणी झालेल्या दुखापतीमुळे जन्मभर लंगडत. तरी स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात असलेल्या सेंट किल्डा बेटापर्यंत ते पोहोचले होते. १८९५ साली निघालेल्या त्यांच्या घरट्यांवरच्या पुस्तकात सगळी चित्रे प्रत्यक्ष रानात काढलेल्या छायाचित्रांची होती. पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी या भावांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार करून त्यात बसण्याचाही उद्योग केला. त्या बैलाच्या पोटात उभे राहून तासन् तास वाट पाहणे किती कष्टाचे असेल, याची कल्पना करावी.

कीअर्टन यांच्या भेटीनंतर टर्नर यांनी कॅमेरा हाती घेतला तेव्हा त्या ३३ वर्षांच्या आसपास होत्या. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, त्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या सदस्य झाल्या. १९०४ पर्यंत त्या स्वतःच्या छायाचित्रांच्या काचपट्ट्या पडद्यावर दाखवून व्याख्याने देऊ लागल्या होत्या. आणखी चार वर्षांनी व्याख्याने हाच त्यांचा व्यवसाय झाला.

आज मोबाइलवर एका सेकंदात दहा फोटो निघतात. त्या काळचे काम कसे होते, हे समजून घेतल्याशिवाय टर्नर यांच्या चिकाटीचा अंदाज येणार नाही. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे भिंग, मध्ये कातडी भाता आणि मागे काचेची प्लेट. एका प्लेटवर एकच छायाचित्र. प्रत्येक फोटोनंतर नवी प्लेट बसवायची. प्लेटा जड, फुटणाऱ्या आणि ओलाव्याने खराब होणाऱ्या. सोबत लाकडी तिपाई. प्लेटवरचे रसायन आजच्या मानाने मंद होते, त्यामुळे उजेड कमी असला की पक्षी जरा हलला तरी चित्र पुसट येई. दुरून मोठे चित्र टिपणारी भिंगे नुकती कुठे तयार होऊ लागली होती. ती उजेड फार खात आणि पाण्यावर डुलणाऱ्या पक्ष्यासाठी बहुतेक निरुपयोगी ठरत.

म्हणजे पक्ष्याचे चांगले छायाचित्र हवे असेल तर त्याच्यापासून काही पावलांवर जाणे भाग होते. रानातला पक्षी इतक्या जवळ एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे घरट्यावर. त्यामुळे त्या काळची बहुतेक पक्षिचित्रे घरट्यावरची आहेत. नेमका धोकाही तिथेच असतो.

अंड्यातल्या जिवाला वाढीसाठी आईबापांच्या अंगाची ऊब लागते. पक्षी घाबरून उठला आणि बराच वेळ परतला नाही, तर अंडी गार पडतात आणि आतली वाढ खुंटते किंवा थांबते. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बहुतेक पिल्लांना स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. थंडीत ती गारठतात, आणि उघड्या वाळूवर भर उन्हात असतील तर होरपळतात. शिवाय माणसाने तुडवलेले गवत ही कावळ्यांना आणि कोल्ह्यांना आयती वाट होते. घरट्यासमोरचे लव्हाळे बाजूला करून काढलेला सुंदर फोटो त्या घरट्यातल्या पिल्लांचा शेवटचा फोटो ठरू शकतो.

यावरचा उपाय म्हणजे लपण. बोरू, लव्हाळे किंवा कापडाचा आडोसा घरट्यापासून दूर उभा करायचा आणि तो पक्ष्याच्या सवयीचा होईल तसा जवळ आणायचा. आत शिरले की हलायचे नाही, शिंकायचे नाही, डास चावला तरी हात उचलायचा नाही. टर्नर यांनी या कामात वर्षे घालवली. लांब झग्याच्या जमान्यातली ही बाई दलदलीत कमरेइतक्या पाण्यात शिरे, ओल्या लव्हाळ्यात पालथी पडून राही आणि कधी एका छायाचित्रासाठी दिवस घालवी.

हे सगळे घडत होते ते नॉरफोकच्या ब्रॉड्समध्ये. ब्रॉड्स म्हणजे उथळ सरोवरे, त्यांना जोडणाऱ्या संथ नद्या आणि भोवतालचे बोरूचे रान. ही सरोवरे निसर्गाने केली, असेच टर्नर यांच्या काळी सगळे समजत. पुढे १९५० च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ही मध्ययुगातली खाणकामे आहेत. दलदलीत शतकानुशतके साठलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, लोकांनी जळणासाठी खणून काढला. मग पाण्याची पातळी वाढली आणि खड्डे भरले. माणसाच्या चुलीसाठी झालेल्या खड्ड्यांत पक्ष्यांची वस्ती झाली.

टर्नर यांनी इथे एक घरबोट ठेवली. तिचे नाव वॉटर रेल. हे पाणकोंबडीच्या जातकुळीतल्या एका अतिशय लाजाळू पक्ष्याचे नाव. हिकलिंग ब्रॉड या मोठ्या सरोवरात ही बोट नांगरलेली असे. जवळच्या एका चिमुकल्या बेटावर त्यांची झोपडीही होती. बोटीत जागा अपुरी पडली की पाहुणे तिथे झोपत, आणि प्लेटा धुण्यासाठी अंधारखोली म्हणूनही ती उपयोगी पडे. लोक त्या बेटाला टर्नर यांच्याच नावाने ओळखू लागले. वर्षातला काही काळ इथे राहण्याचा हा क्रम वीस वर्षांहून अधिक चालला.

सुरुवातीला हौसेच्या भटकंतीसारखे दिसणारे हे काम हळूहळू शिस्तबद्ध निरीक्षण झाले. कोणता पक्षी कधी आला, घरटे कशाचे, नर आणि मादी यांच्यात अंडी उबवण्याच्या पाळ्या कशा, पिल्लांना काय भरवले, हे सारे त्या टिपून ठेवत. एकाच पाण्यावर वर्षानुवर्षे परत येणाऱ्या माणसाला जे दिसते, ते एखाद्या दिवसाच्या पाहुण्याला दिसत नाही. याच जोरावर त्यांची वर्णने नियतकालिकांत छापून येऊ लागली.

त्यांचे सर्वात गाजलेले छायाचित्र तुरेवाल्या मोठ्या टिबुकलीचे. हा पाण्यावर तरंगते घरटे बांधणारा पक्षी. घरट्यावरून उठताना तो अंड्यांवर पाणवनस्पतींचे पांघरूण ओढतो, त्यामुळे रिकामे घरटे कुजक्या पाल्याच्या ढिगासारखे दिसते. या टिबुकलीच्या छायाचित्रामुळे त्यांना रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

या चित्रामागे आणखी एक गोष्ट होती. १९ व्या शतकात या टिबुकलीच्या छातीवरची रेशमी पिसे बायकांच्या टोप्यांसाठी आणि गळपट्ट्यांसाठी वापरली जात. त्यापायी १८६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये या पक्ष्याच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. पिसांच्या या व्यापाराविरुद्ध १८८९ साली उभी राहिलेली पक्षिसंरक्षण संस्था प्रामुख्याने स्त्रियांनीच सुरू केली होती. पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा व्हायला १९२१ साल उजाडले. एक पिढी ज्या पक्ष्याला टोपीवर मिरवत होती, त्याच पक्ष्याला टर्नर यांनी घरट्यावर बसलेला दाखवला. व्याख्यानाला आलेल्या शहरी माणसाने तो कदाचित पहिल्यांदाच जिवंत पाहिला असेल.

आरोग्याच्या सदरात पक्ष्यांची ही गोष्ट का, असे कोणी विचारील. दलदल आणि रोगराई यांचे नाते फार जुने आहे. इंग्लंडच्या पूर्व आणि आग्नेय भागातील दलदलींत एकेकाळी हिवताप ठाण मांडून होता. थंडी वाजून ताप भरणे हे तिथल्या माणसाला नवे नव्हते. १९ व्या शतकात दलदली उपसून शेते झाली, घरे सुधारली, क्विनाइन मिळू लागले आणि हा ताप ओसरत गेला. दलदल कोरडी करणे म्हणजे प्रगती, हे त्या लोकांच्या अनुभवाला धरूनच होते. पण त्याच उपशाने बिटर्नसारख्या पक्ष्यांचे घर गेले. उरलेसुरले पक्षी बंदुकीने, खवय्यांनी आणि अंडी जमवणाऱ्या हौशी मंडळींनी संपवले. दुर्मीळ पक्ष्याच्या अंड्याला भाव जास्त, म्हणून पक्षी जितका कमी तितका त्याचा पाठलाग अधिक, असे ते दुष्टचक्र होते.

टर्नर यांच्या कामात वैद्यकाचा एक थेट धागाही आहे. १९०७ साली दलदलीतल्या पक्ष्यांच्या घरगुती जीवनावर त्यांचे पुस्तक आले, त्याचे सहलेखक होते फिलिप बाहर नावाचे तरुण डॉक्टर. पुढे बाहर यांचे लग्न सर पॅट्रिक मॅन्सन यांच्या मुलीशी झाले आणि ते मॅन्सन-बाहर झाले. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवणारे हे मॅन्सन. सिकंदराबादला हिवतापाच्या डासाचा छडा लावणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचे मार्गदर्शकही तेच. मॅन्सन-बाहर यांनी फिजीमध्ये हत्तीरोगावर काम केले आणि सासऱ्यांचा उष्ण कटिबंधातील रोगांवरचा ग्रंथ पुढे अनेक आवृत्त्यांतून संपादित केला. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या काही पिढ्यांना तो ग्रंथ चांगला परिचयाचा होता. डासांच्या रोगांवर आयुष्य घालवणारा हा माणूस तरुणपणी टर्नर यांच्यासोबत दलदलीतल्या पक्ष्यांचे फोटो काढत होता. पाणथळ जागेचा माणसाला होणारा त्रास आणि पाणथळ जागेचे मोल, हे दोन्ही एकाच वेळी समजून घेता येते, याचे हे बोलके उदाहरण.

आता पुन्हा १९११ च्या त्या पिल्लाकडे येऊ. बिटर्न दिसणे मुळातच कठीण. अंगावरच्या तपकिरी-काळ्या रेघा वाळक्या बोरूत मिसळून जातात. धोका वाटला की तो मान लांब करून चोच वर धरतो आणि वाऱ्याने बोरू डुलले तर त्यांच्याबरोबर स्वतःही डुलतो. डोळे अशा ठिकाणी असतात की चोच आकाशाकडे असतानाही समोरचा शत्रू त्याला दिसत राहतो. तो दिसत नसला तरी ऐकू मात्र येतो. विणीच्या काळात नर अन्ननलिकेत हवा भरून घेऊन रिकाम्या रांजणात फुंकल्यासारखा घुमणारा आवाज काढतो. शांत वेळी हा आवाज पाच किलोमीटरपर्यंत जातो.

मग १९११ च्या आधी बिटर्न कोणी पाहिलाच नव्हता का? पाहिला होता. युरोपातून काही पक्षी हिवाळ्यात ब्रिटनमध्ये येत. पण पाहुणा पक्षी दिसणे वेगळे आणि त्याने तिथे संसार थाटणे वेगळे. प्रौढ पक्षी उडत आलेला असू शकतो. आवाज करणारा नर एकटाही असू शकतो. उडता न येणारे पिल्लू मात्र दुसरीकडून आलेले असू शकत नाही. त्याची अंडी त्याच दलदलीत घातली गेलेली असतात. म्हणून त्या एका पिल्लाचे महत्त्व शंभर उडत्या बिटर्नपेक्षा जास्त होते. टर्नर आणि व्हिन्सेंट यांना हे पक्के माहीत होते, आणि म्हणूनच ते पिल्लू शोधत होते.

छायाचित्राने आणखी एक गोष्ट साधली. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे ते पिल्लू मारून पेंढा भरला असता, तरी पुरावा मिळालाच असता. पण परत आलेल्या पक्ष्याची पहिली पिढी पुराव्यासाठीच खर्ची पडली असती. काचेच्या एका प्लेटने ते टळले. पक्षी दलदलीत राहिला आणि पुरावा जगापुढे आला.

टर्नर यांच्या कामाची दखल वैज्ञानिक जगाने घेतली. लंडनच्या लिनियन सोसायटीने १९०४ च्या अखेरीस पहिल्यांदा स्त्रियांना सदस्य म्हणून निवडले. तिथे प्रवेश मिळालेल्या सुरुवातीच्या स्त्रियांत टर्नर होत्या. ब्रिटनच्या पक्षीतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांना मानद सदस्यत्व दिले. १९०९ साली हॅरी विदर्बी यांनी पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालून त्यांचा प्रवास शोधण्याची योजना सुरू केली, तेव्हा टर्नर यांनी त्या कामातही हात दिला. १९२१-२२ मध्ये नॉरफोक आणि नॉरिच येथील निसर्ग अभ्यासकांच्या मंडळाच्या त्या अध्यक्ष झाल्या. ब्रॉड्सवरच्या पक्ष्यांविषयीचे ‘ब्रॉडलँड बर्ड्स’ हे त्यांचे पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी त्यांनी नवे काम अंगावर घेतले, ते गोड्या पाण्यावरून थेट समुद्रकिनाऱ्यावर नेणारे. नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्याला स्कोल्ट हेड नावाचे वाळूचे आणि गोट्यांचे काही किलोमीटर लांबीचे बेट आहे. १९२३ साली ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आले. तिथे सुरय पक्ष्यांच्या वसाहती होत्या. सुरय घरटे बांधत नाही. वाळूत उथळ खळगा करून त्यात अंडी घालतो. अंड्यांचा रंग आजूबाजूच्या गोट्यांसारखा, त्यामुळे चालणाऱ्याच्या पायाखाली ती सहज येतात. अंडी पळवणारेही होतेच. या वसाहतींवर नजर ठेवण्यासाठी बेटावर राहणारे कोणी तरी हवे होते. १९२४ च्या विणीच्या हंगामात टर्नर त्या बेटाच्या पहिल्या राखणदार म्हणून तिथल्या झोपडीत राहायला गेल्या. तेव्हा त्या ५७ व्या वर्षात होत्या. पुढचा हंगामही त्यांनी तिथेच काढला.

भरती आली की बेटाचा जमिनीशी असलेला पायी संबंध तुटे. वर्तमानपत्रांना ही बातमी चटकदार वाटली. बेटावर एकटी राहणारी बाई म्हणून त्यांचे चित्र रंगवले गेले आणि इंग्लंडमधील सर्वात एकाकी स्त्री अशी त्यांची ख्याती झाली. खरे पाहता त्यांच्या अवतीभोवती शेकडो पक्षी होते, अभ्यासक आणि मित्रमंडळी अधूनमधून येत होती, आणि हाताला दिवसभर काम होते. घरटी मोजणे, येणाऱ्या लोकांना वसाहतीपासून दूर ठेवणे, स्थलांतर करून जाणाऱ्या पक्ष्यांची नोंद करणे, उधाणाच्या भरतीत किती अंडी वाहून गेली ते पाहणे. या दोन हंगामांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९२८ साली आले.

राखणदाराच्या कामात एक गंमत आहे. ज्या छायाचित्रकाराने आयुष्यभर पक्ष्यांच्या जवळ जाण्याची कला शिकली, तिलाच आता इतरांना दूर ठेवायचे होते. पण ही उलटी गोष्ट नव्हती. जवळ जाण्याची किंमत काय असते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? उन्हात तापलेल्या वाळूवर सुरयाची पिल्ले आईबापांच्या सावलीवर जगतात. सहलीला आलेले लोक कौतुकाने अर्धा तास वसाहतीत उभे राहिले, तर तेवढा वेळ सगळे सुरय आकाशात ओरडत फिरतात आणि खाली पिल्ले भाजत राहतात. त्या लोकांच्या मनात वाईट काही नसते. नुकसान मात्र व्हायचे ते होतेच.

उतारवयात टर्नर केंब्रिजच्या परिसरात राहिल्या. दलदलीत उतरण्याचे दिवस संपले, तेव्हा त्यांनी परसबागेतल्या पक्ष्यांकडे लक्ष वळवले. प्रत्येक बाग पक्ष्यांचे अभयारण्य कशी होऊ शकते, यावर त्यांनी १९३५ साली पुस्तक लिहिले. एकूण आठ पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांची दृष्टी गेली. ज्या डोळ्यांनी बोरूच्या रानातून बिटर्नचे पिल्लू शोधले, ते डोळे मिटले आणि उरले ते आवाज. १३ ऑगस्ट १९४० रोजी, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बिटर्नची गोष्ट इथे संपली नाही. २० व्या शतकाच्या मध्यापर्यंत तो वाढला, मग पुन्हा घटू लागला. बोरूची राने वाळत गेली, किनाऱ्यालगतच्या काही ठिकाणी समुद्राचे खारे पाणी घुसले. १९९७ साली सगळ्या ब्रिटनमध्ये घुमणारे नर फक्त ११ उरले होते. ही मोजणी आवाजावरून होते, कारण प्रत्येक नराचा घुमण्याचा ढंग थोडा वेगळा असतो आणि ध्वनिमुद्रणातून तो ओळखता येतो. त्यानंतर पाणथळ जागा दुरुस्त करण्याचे मोठे काम झाले, नवी बोरूची राने तयार केली गेली आणि आता ही संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे. टर्नर यांची घरबोट जिथे असे ते हिकलिंग ब्रॉड आज संरक्षित क्षेत्र आहे.

हाच बिटर्न हिवाळ्यात भारतातही उतरतो, पण इतका लपून राहतो की फार थोड्यांच्या नजरेस पडतो. सुरय तर आपल्या नद्यांच्या वाळवंटातही अंडी घालतात. रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन एखाद्या तलावावर किंवा किनाऱ्यावर जाणाऱ्यांची संख्या आज आपल्याकडे मोठी आहे आणि ही आनंदाची गोष्ट आहे. अशा माणसाने टर्नर यांच्याकडून घ्याव्यात अशा गोष्टी साध्या आहेत. आज लांब पल्ल्याची भिंगे आहेत, तेव्हा घरट्याजवळ जायचे कारण उरलेले नाही. पक्षी ओरडू लागला, घिरट्या घालू लागला, जखमी झाल्याचे सोंग करून सरपटू लागला, तर आपण नको तितके जवळ आलो आहोत, असे समजून मागे फिरावे. घरट्याचा नेमका ठावठिकाणा चारचौघांत सांगू नये. आणि फोटोबरोबर तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करत होता हे लिहून ठेवावे. तारखेशिवायचा फोटो फक्त सुंदर असतो. तारीख आणि निरीक्षण जोडले की तो कधी तरी कोणाच्या तरी अभ्यासाला उपयोगी पडतो.

एमा टर्नर पक्ष्यांकडे वळल्या तेव्हा त्यांचे वय तिशीच्या पुढे होते, पदवी नव्हती आणि हातात होता तो एक जड कॅमेरा. एकाच पाण्यावर पुन्हा पुन्हा जाण्याची आणि थांबण्याची त्यांची तयारी मात्र होती. नाहीशा झालेल्या पक्ष्याची पहिली खबर जगाला मिळाली, ती या तयारीमुळे.